पिंगलेचे दार आणि घरपोच बाजार



सज्जनहो, गेल्या चातुर्मासात डोंबिवलीस एका लहानशा विठ्ठलमंदिरात आमचे श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधावर निरूपण चालू होते. आधी मूळ श्लोक, मग श्रीएकनाथ महाराजांनी शके १४९५ मध्ये काशीक्षेत्री पूर्ण केलेली त्यावरील टीका, आणि शेवटी आमच्या अल्पमतीप्रमाणे चार शब्द, असा रोजचा क्रम. अवधूताने यदुराजास आपले चोवीस गुरू सांगितले. त्यांत पृथ्वी आहे, वायू आहे, मधमाशी आहे, अजगर आहे, आणि विदेहनगरीतील पिंगला नावाची एक वारांगनाही आहे. त्या दिवशी पिंगलेचे आख्यान आले होते.

आख्यान आपणास ठाऊकच आहे. संध्याकाळ झाली की पिंगला नटूनथटून दाराशी उभी राही. रस्त्याने कोणी येताना दिसला की तिला वाटे, हाच येईल, हाच धन देईल. तो पुढे निघून जाई. मग दुसरा दिसे. आत जावे, पुन्हा बाहेर यावे, पुन्हा आत जावे, असे करता करता मध्यरात्र झाली, तरी डोळ्याला डोळा नाही. मी हे सांगत होतो, मंडळीही रंगली होती, इतक्यात पुढच्या ओळीतील एका वृद्ध गृहस्थांच्या खिशातला मोबाईल वाजला. ते गडबडीने उठले, खांबाआड गेले आणि दबक्या आवाजात, पण सर्वांना ऐकू येईल असे म्हणाले, "वॉचमनकडे ठेवू नकोस रे बाबा, मी दहा मिनिटांत घरी पोचतो." आणि चपला पायात सरकवून निघालेसुद्धा.

मंडळी हसली. मलाही मोह आवरला नाही. व्यासपीठावरून मी म्हटले, "पाहा हो, पिंगला निघाली दाराशी!" मग तर सभामंडप दणाणला. कीर्तनकाराला हशा मिळाला की तो सुखावतो. आमच्या व्यवसायातला हा जुना रोग आहे. परंतु त्या वाक्याची मला पुढे फार लाज वाटली. ती का वाटली, हे सांगण्याकरिता हा लेख लिहावयास घेतला आहे. मात्र ते कळण्यास आधी या घरपोच बाजाराचे थोडे पाहिले पाहिजे.

बाजार ही आपल्या मुलखाला नवी गोष्ट नाही. कल्याण हे प्राचीन बंदर. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दिलेली दाने कोरून ठेवली आहेत. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास आगगाडी आली, पुढच्याच वर्षी ती कल्याणास पोचली, आणि माल नावेतून उतरून रुळावर आला. आमच्या आठवणीतला बाजार म्हणजे ठाण्याचा जांभळी नाका, डोंबिवलीचा फडके रोड, कल्याणचा शिवाजी चौक. तेथे माणूस मालाकडे जात असे. आता माल माणसाकडे येतो. २००७ साली बंगळुरास फ्लिपकार्ट निघाली. तिने आरंभी इंटरनेटवरून पुस्तके विकली. २०१३ साली ॲमेझॉनने भारतातले आपले दुकान उघडले. आपले लोक मूळचे सावध, आधी माल हातात आणि मग दाम, अशा वळणाचे. म्हणून फ्लिपकार्टने २०१० मध्ये माल दारात आल्यावर पैसे घेण्याची सोय केली, तेव्हा कुठे लोकांची भीड मोडली. ६ ऑक्टोबर २०१४ रोजी तिने मोठ्या सवलतीचा पहिला दिवस केला. त्या दिवशी गर्दी एवढी लोटली की यंत्रणा कोलमडली आणि चालकांना ग्राहकांची जाहीर क्षमा मागावी लागली. आषाढीला चंद्रभागेच्या वाळवंटात होते ती गर्दी डोळ्यांना दिसते तरी. ही गर्दी ज्याच्या त्याच्या घरात बसून झाली.

पुढे २०१६ साली मोबाईलवरून पैसे देण्याची यूपीआय पद्धत आली, त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला मोठ्या नोटा रद्द झाल्या, आणि कोथिंबिरीची जुडीदेखील लोक मोबाईल दाखवून घेऊ लागले. उरलेसुरले काम २०२० च्या टाळेबंदीने केले. आमच्या वयाची मंडळी, जी तोवर नातवंडांना हसत होती, तीच नातवंडांपाशी बसून कोणते बटण दाबायचे ते शिकली. मीही त्यांतलाच.

हा बाजार वाईट आहे असे मी म्हणत नाही. म्हणणे अन्यायाचे होईल. डोंबिवलीहून पहाटेच्या लोकलला लोंबकळत जाणारी आणि रात्री आठ वाजता पाय ओढत परतणारी सून दुकानात कधी जाणार? गुडघे गेलेल्या आजीने जिने किती वेळा उतरावे? मुरबाडकडचे आमचे एक टाळकरी आहेत. त्यांना सार्थ ज्ञानेश्वरीची मोठ्या अक्षरांची प्रत हवी होती. पूर्वी त्याकरिता पुण्यास किंवा आळंदीस जाणारा कोणी गाठावा लागे. आता ती त्यांच्या ओसरीवर आली. आणखी एक गोष्ट, जी आपण शहरातले लोक बोलत नाही. खेड्यातला पोरगा साध्या चपला घालून ठाण्याच्या झगमगीत दुकानात शिरला की दुकानदार आधी त्याचे पाय पाहतो, मग तोंड. मोबाईल कोणाचे पाय पाहत नाही. त्या मुलाला हा केवढा दिलासा आहे, ते ज्याचे पाय कधी कोणी पाहिले नाहीत त्याला कळावयाचे नाही.

मापाची गंमत मात्र जुनीच आहे. नरहरी सोनारांचे आख्यान आठवा. देवाच्या कमरेचा करदोडा सावकाराने आणलेल्या मापावर बेतला, प्रत्यक्ष मूर्ती पाहिली नाही. म्हणून एकदा सैल झाला, एकदा तंग झाला. आमच्या घरी सुनेचे कपडे असेच येतात, परत जातात, पुन्हा येतात. फरक इतकाच की नरहरींना त्या परतीच्या खेपांतून हरिहराचे ऐक्य सापडले.

हा माल येतो कोठून, हेही एकदा डोळ्यांनी पाहावयास मिळाले. पडघ्याकडे एका गावी अखंड हरिनाम सप्ताहाला गेलो होतो. नाशिकच्या हमरस्त्याला लागून भिवंडी तालुक्यात जेथे भाताची खाचरे होती, तेथे आता पत्र्याची प्रचंड गोदामे उभी आहेत. एकेक गोदाम असे की आमचे सगळे गाव आत मावावे. सप्ताहाच्या काकड्याला काही तरुण यायचे, ते रात्रपाळी करून थेट गोदामातून. डोळे तांबारलेले, पण टाळ चोख. त्यांतला एक मला म्हणाला, "महाराज, जेवढं आम्ही बाहेर पाठवतो ना, त्यातलं बरंच परत येतं. लोक मागवतात, उघडतात, नको म्हणतात. परत आलेला माल तपासायला आणखी माणसं." मी विचारले, "परत का पाठवतात?" तो हसला. "घेताना हवं असतं. आलं की नको असतं." सज्जनहो, मी पंचेचाळीस वर्षे निरूपण करतो आहे, पण विषयसुखाची इतकी नेमकी व्याख्या मला सुचली नव्हती.

भगवंतांनी गीतेच्या दुसऱ्या अध्यायात ही पायरीपायरीची उतरण सांगितली आहे. विषयाचे चिंतन, त्यातून संग, संगातून काम, कामातून क्रोध, मग संमोह, स्मृतिभ्रंश आणि बुद्धिनाश. आरंभ वस्तूपासून नाही, चिंतनापासून आहे, हे ध्यानात घ्या. वस्तू दुकानात पडलेली असते, तिचा कोणाला उपद्रव नाही. परंतु मोबाईलची करामत अशी की चिंतन आपण करावयाचे नाही, ते तोच करवून घेतो. मी एकदा सहज उपरणे पाहिले. पाहिले मात्र, पुढे आठ दिवस वर्तमानपत्र उघडावे तर उपरणे, पंचांग उघडावे तर उपरणे!

पूर्वी इच्छा आणि खरेदी यांच्यामध्ये बरीच वाट होती. यादी करा, घरात विचारा, पिशवी घ्या, चालत जा. दुकानदार ओळखीचा, तोच म्हणे, "काका, मागच्या महिन्यात नेलात तो डबा संपला का?" आणि शेवटी कनवटीची गाठ सोडावयाची. ती गाठ पुष्कळ काम करी. ती सोडताना हात थबके. १९७५ साली सुरू झालेली मुंबई ग्राहक पंचायत ठाणे-डोंबिवलीकडच्या पुष्कळ घरांत पोचली. तिची रीत अशी की काही कुटुंबांनी मिळून संघ करावयाचा, महिन्याच्या मालाची यादी आधी भरावयाची, आणि माल आला की सर्वांनी मिळून वाटून घ्यावयाचा. मालाची शुद्धता आणि भावाची किफायत हे तिचे गुण सर्वांना माहीत आहेत. मला तिचा तिसरा गुण मोठा वाटतो. तिच्या यादीला महिन्याचा अवकाश होता. मध्यरात्री अंगठा हलवून त्या यादीत काही घुसडता येत नसे.

विलंब हा नेहमीच दोष नसतो. महाभारताच्या शांतिपर्वात चिरकारीची कथा आहे. गौतम ऋषींचा हा पुत्र प्रत्येक गोष्टीवर फार वेळ विचार करी, म्हणून लोक त्याला मंद म्हणत. एके दिवशी गौतमांनी रागाच्या भरात त्याला आज्ञा केली की तुझ्या मातेचा वध कर, आणि ते वनात निघून गेले. मुलगा शस्त्र घेऊन विचार करीत बसला. पित्याची आज्ञा मोठी की मातेचे प्राण? या बाजूने पाहिले, त्या बाजूने पाहिले, दिवस गेला. इकडे गौतमांचा राग उतरला, ते पश्चात्तापाने धावत परत आले. पाहतात तो माता जिवंत. त्यांनी पुत्राला पोटाशी धरून त्याच्या दिरंगाईची स्तुती केली. सांगावयाचे इतकेच की मनाने आज्ञा केली आणि हाताने ती त्याच क्षणी पाळली, तर मनाला पश्चात्तापाने परत यावयास सवड कोठून मिळणार? काही मिनिटांत माल दारात, ही सेवा औषधाला अमृत आहे. बाकीच्या मालापुरते पाहिले तर चिरकारीला घराबाहेर काढण्याचा तो उद्योग आहे.

हे व्यापारी जाणून आहेत, आणि आता सरकारही जाणून आहे. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा दुकानांतल्या फसव्या मांडणीचे १३ प्रकार नाव घेऊन निषिद्ध ठरविले. ते वाचताना मला वाटले, अरे, ही तर मायेच्या युक्त्यांची यादी! 'दोनच नग उरले' अशी खोटी घाई लावणे. न मागितलेली वस्तू गुपचूप टोपलीत टाकणे. नको म्हणणाऱ्याला लाजविणे. आरंभी एक किंमत दाखवून शेवटी एकेक आकार चढवीत नेणे. वर्गणी घेताना एक बटण आणि सोडताना सात दरवाजे. अशा एकूण तेरा. कायदा विकणाऱ्याला आवर घालतो, ते योग्यच आहे. परंतु 'दोनच उरले' हे वाचून ज्याची छाती धडधडली, त्याच्या छातीत आधीपासून काय होते, हे विचारणे कायद्याचे काम नाही. ते आमचे आहे.

आता स्वतःचेच सांगतो, नाहीतर म्हणाल की बुवा दुसऱ्यांनाच सांगतात. पूजेकरिता तांब्याचा एक कलश मी मागविला. चित्रात लखलखीत. भाव इतका कमी की तेव्हाच शंका यावयास हवी होती. पण स्वस्त मिळते आहे म्हटल्यावर शंका झोपी जाते. कलश आला. चार दिवस चिंचेने घासला तो तांबे निघून गेले आणि खालून पांढरे लोखंड हसू लागले. तुकोबारायांच्या चरित्रात परंपरेने एक प्रसंग सांगतात. कोकणात मिरच्या विकून परतताना एका ठकाने त्यांना सोन्याचा मुलामा दिलेली पितळी कडी सोन्याची म्हणून विकली. तुकोबा फसले ते अंतःकरण सरळ होते म्हणून. मी फसलो तो लोभाने. मुलामा मात्र दोन्हीकडे तोच. विकणाऱ्याने आधी दाद दिली नाही, मग नातवाने १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदविली आणि पैसे परत मिळाले. २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याच्या आत झाले पाहिजे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. भिडेपोटी आपले लोक गप्प बसतात. तसे करू नये. व्यवहारात फसणे हे वैराग्य नव्हे.

पैसे परत आले, पण त्या निमित्ताने मी वही काढली. देवगिरीस जनार्दनस्वामींच्या हिशेबात एका पैची चूक शोधण्याकरिता नाथमहाराज रात्रभर दिव्यापाशी बसले होते. ती पै सापडताच त्यांनी टाळी वाजविली. मी एक रात्र नातवाला घेऊन बसलो, वर्षभरात आमच्या नावावर काय काय आले ते लिहून काढले. एकतीस वस्तू निघाल्या. वापरात नऊ. मानेखाली घ्यावयाची एक उशी, तीही दोनदा मागविलेली. पायाला तेल लावण्याचे एक यंत्र. अंधारात आपोआप पेटणारे दिवे. वारीला निघताना खांद्यावरच्या पडशीत मावेल तेवढेच घ्यावे असे मी तीस वर्षे लोकांना सांगत आलो. टाळी वाजवावी असे काही त्या हिशेबात सापडले नाही. पण एक गोष्ट ध्यानात आली. एकतीसपैकी बहुतेक खरेदी रात्री अकरानंतरची होती, आणि तीही ज्या दिवशी कीर्तन नव्हते त्या दिवसांची. कीर्तन असले की चार माणसे भेटतात, पाया पडतात, बोलतात. नसले की घर शांत असते. मग मी उशी मागवितो.

ही वही मिटली त्याच आठवड्यात त्या वृद्ध गृहस्थांच्या घरी जाण्याचा योग आला. पाच-सहा दिवस ते निरूपणाला आले नव्हते. मंडळींनी सांगितले, अण्णांना ताप आहे. डोंबिवली पश्चिमेला जुन्या इमारतीत तिसरा मजला, लिफ्ट नाही. मुलगा कॅनडात, मुलगी पुण्यास, पत्नी जाऊन चार वर्षे झालेली. दार उघडले, बसावयास खुर्ची दिली. पाहतो तो भिंतीला लागून खाकी खोकी रचलेली. मोजली, चौदा. एकाचीही चिकटपट्टी सोडलेली नाही.

मी काही विचारले नाही. त्यांनीच आरंभ केला.

"महाराज, टाळेबंदीत मुलाने तिकडून रक्तदाब मोजायचं यंत्र पाठवलं. ते घेऊन जो मुलगा आला, तो तोंडाला फडकं बांधून दारात उभा. मला म्हणाला, काका, बरे आहात ना? एकटेच असता का? महिन्यात तेवढं एकच माणूस माझ्याशी बोललं. पुढच्या आठवड्यात मी साबणाची डबी मागवली."

"आणि मग?"

"मग चिमटे. मग नाडी घालायची सुई. शंभर-दीडशेच्या वर काही मागवत नाही, पेन्शनला झळ लागू देत नाही. तीन वस्तू हव्या असल्या तरी एकदम नाही मागवत. तीन दिवस मागवतो."

मी खोक्यांकडे पाहिले. ते म्हणाले, "उघडून काय करू? आत काय आहे ते मला ठाऊक आहे."

थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग त्यांनी हात जोडले. मला वाटले, त्या दिवशीच्या टोमण्याबद्दल काही म्हणतील. ते म्हणाले, "महाराज, मी त्या दिवशी आख्यान अर्धं टाकून आलो, त्याची क्षमा असावी. पुढचं मी घरी पोथीत वाचलं. पिंगलेने आशा सोडली आणि ती सुखाने झोपली. पण एक विचारू? दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या दाराशी कोण आलं, ते कुठे लिहिलंय का?"

व्युत्पत्ती, अन्वय, पदच्छेद हे सारे मला पाठशाळेत शिकविले आहे. या प्रश्नाला उत्तर नव्हते. भागवतात पिंगला झोपते आणि अध्याय संपतो.

जिना उतरताना मी तो अध्याय मनात पुन्हा वाचला. आम्ही निरूपणकार पिंगलेच्या आख्यानातून एकच गोष्ट उचलतो: आशा हे परम दुःख, आशा सुटणे हे परम सुख. आणि ती सोडा म्हणून लोकांना बजावतो. पण पिंगला नुसती आशा सोडून झोपलेली नाही. तिला आधी उमगले की ज्याची वाट पाहावी असा एक जण माझ्या हृदयातच, अगदी जवळ बसलेला आहे, आणि मी मात्र रस्त्याकडे पाहत होते. तो भेटला, म्हणून रस्ता सुटला. क्रम असा आहे. आम्ही तो उलटा सांगतो. शिवाय हे तिला तिच्याच दारात, मध्यरात्री, एकटीला उमगले. कोणी व्यासपीठावरून तिला हसले नव्हते.

दुसऱ्या दिवशी निरूपणाच्या आरंभी मी सभेची आणि त्या गृहस्थांची क्षमा मागितली. खोक्यांविषयी काही बोललो नाही. इतकेच सांगितले की आपल्या घरी पार्सल आले तर ते फोडण्यापूर्वी क्षणभर हातात धरून पाहावे की मी नेमकी कशाची वाट पाहत होतो. वस्तूची असेल तर सुखाने वापरावी. आणि पार्सल घेऊन येणाऱ्याला पाणी विचारावे. एक बाई नंतर येऊन म्हणाल्या, "महाराज, पाणी विचारायला सवड कुणाला असते? त्यालाही नसते." तेही खरेच आहे.

मंदिरातले चार जण आणि मी, असे ठरले की दर बुधवारी पाच वाजता अण्णांच्या घरी हरिपाठ करावयाचा. पाच ही त्यांची वाट पाहण्याची वेळ. पहिल्या बुधवारी हरिपाठ निम्मा झाला होता तोच घंटा वाजली. अण्णा माझ्याकडे चोरट्या नजरेने पाहू लागले. मी मानेनेच म्हटले, उघडा.

दारात पंचविशीचा मुलगा होता, पाठीवर पोत्याएवढी पिशवी, गळ्यात तुळशीची माळ. अण्णांनी मोबाईलवर आलेले चार आकडे सांगितले, खोके घेतले. टाळांचा आवाज ऐकून तो आत डोकावला. मी म्हटले, "ये बाळा, बस घटकाभर." तो म्हणाला, "बसलो तर अडकून पडेन, महाराज. अजून अकरा द्यायचेत, आणि पैसे पार्सलमागे मिळतात. आमचे वडील माळकरी आहेत. दर वर्षी पायी जातात आळंदीहून. मला औंदा सुट्टी घालता आली नाही." पाणी मात्र प्यायला, उभ्याउभ्या, तांब्या वर धरून. मग उंबऱ्यापाशी वाकून, आत न येताच, टाळ ठेवले होते त्या दिशेने नमस्कार केला आणि धाडधाड जिना उतरून गेला.

अण्णांनी खोके चौदांच्या वर ठेवले. पुन्हा बैठकीवर आले, टाळ हातात घेतले, पण वाजविले नाहीत.

"महाराज," ते म्हणाले, "पुढच्या बुधवारी मी काही मागवलेलं नाही. तुम्ही याल ना?"